सेकंडहँड स्पोर्ट्स कार: घेण्याआधीचे आणि घेतल्यानंतरचे अनुभव

"तुमची ती छोटी लाल गाडी वर्षाला किती खर्च काढते?" हा प्रश्न मला अलीकडे इतक्या जणांनी विचारला आहे की, प्रत्येकाला निराळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांचे अनुभव एकत्र आणावेत असे वाटले. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे जुनी स्पोर्ट्स कार घेतली, चालवली, विकली किंवा ऐनवेळी घ्यायची टाळली, त्यांनी कृपया येथे लिहावे. शक्य तेथे आकडे द्यावेत. "मजा येते" एवढेच लिहून थांबू नये, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. सुरुवात मी करतो.

मी लंडनच्या उत्तरेला वॉटफर्डजवळ राहतो आणि माझ्याकडे २००१ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे: १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, कापडी छत आणि जेमतेम टनभर वजन. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आले, आणि दोन आसनी उघड्या गाड्यांमध्ये जगात सर्वाधिक विकले गेलेले म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. आपल्यासारख्याला त्याचा उपयोग एवढाच की सुटे भाग भरपूर मिळतात, स्वस्त मिळतात, आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही ही गाडी उघडायची भीती वाटत नाही.

इंजिन चिवट आहे. गाडीला खातो तो गंज. येथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून लागते. वरून येणारे संकट मात्र मला गाडी घेईपर्यंत माहीत नव्हते. छतावरून ओघळणारे पावसाचे पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून दारांखालच्या पोकळ पट्ट्यांजवळून खाली जाते, आणि गाडी झाडाखाली उभी राहात असेल तर पाने कुजून त्या नळ्या तुंबतात. मग पाणी आतच साठते आणि मागच्या चाकांच्या अगदी पुढे, जिथे बाहेरून रंग चकचकीत दिसत असतो, तिथे पत्रा आतून कुजत राहतो. माझ्या गाडीला विक्रेत्याने खालून ताजा काळा लेप मारून दिला होता, आणि ही काळजी घेतल्याची खूण आहे असे समजून मी खूश झालो होतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या मोटारीची दरवर्षी एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालवण्याच्या योग्यतेची, तपासणी होते आणि नंबर टाकला की तिचा इतिहास कोणालाही फुकट पाहता येतो. मी तो पाहिलाही होता. खरेदीच्या दोन वर्षांपूर्वी "दोन्ही बाजूंना गंज" असा शेरा होता आणि पुढच्या वर्षी तो नाहीसा झाला होता, पण मधल्या काळात वेल्डिंग केल्याची एकही पावती फायलीत नव्हती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून विचार करण्याचे काम मी केले नाही, कारण तोवर गाडीचा रंग मनात भरला होता. १,९०० पौंडांना घेतलेल्या गाडीच्या दोन्ही पट्ट्या कापून नव्या बसवायला पुढच्याच वर्षी १,१०० पौंड लागले. तेव्हापासून दर शरद ऋतूत, पानगळ संपली की, नळ्यांत प्लॅस्टिकची मऊ तार हलक्या हाताने फिरवतो. जोर लावला तर नळी आत निसटते.

बाकीचा खर्च किरकोळ म्हणावा असा आहे. वर्षाला साधारण चार हजार मैल, दोन वेळा तेलबदल, आणि गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला मर्यादित मैलांचा विमा. लंडनच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी एक सूचना: २९ ऑगस्ट २०२३ पासून प्रदूषणशुल्काचा पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंपर्यंत, म्हणजे प्रशासकीय विभागांपर्यंत, पोहोचला आहे, आणि नियमात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला १२.५० पौंड पडतात. पेट्रोल गाडीला सर्वसाधारणपणे युरो ४ हा धुराच्या प्रदूषणाचा युरोपीय निकष आहे, तरी काही जुन्या गाड्याही त्यात बसतात. म्हणून वर्षावरून अंदाज न बांधता नंबर तपासूनच पाहावा. माझी सुदैवाने बसली, नाहीतर वेंब्लीला गणपतीच्या दर्शनालाही ते पैसे मोजावे लागले असते.

*

मी बर्मिंगहॅमला असतो. वरील अनुभवाला जोड म्हणून सांगतो की, माझी गाडी तीच, पण जपानमध्ये वापरून नंतर येथे आलेली, म्हणजे मागे "युनोस रोडस्टर" असे नाव असलेली १९९२ ची आहे. तिचा तळ आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ होता. मात्र अशा गाडीला येथील मिठासाठी संरक्षक लेप नसण्याची शक्यता असते, त्यामुळे तो घेतल्या घेतल्या मारून घ्यावा, आणि मारण्याआधी तळाची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढच्या ग्राहकाला आपल्या लेपाचा संशय येणार नाही. मला अनपेक्षित अडचण आली ती रेडिओची. जपानमधला एफएम पट्टा तेव्हा ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंतचा होता, त्यामुळे मूळ रेडिओवर येथील बहुतेक केंद्रे लागतच नाहीत. मी तो बदललेला नाही. छत उघडे असताना तसेही काही ऐकू येत नाही.

*

न्यू जर्सीहून लिहीत आहे. माझ्याकडे २००३ ची पोर्शे बॉक्स्टर आहे, २.७ लिटरची. ही गाडी घेणार म्हटल्यावर प्रत्येक जण इंजिनातल्या एका बेअरिंगचे नाव घेऊन घाबरवतो, आणि ती भीती अगदीच निराधार नाही, कारण ते निकामी झाले तर पूर्ण इंजिन जाऊ शकते. मी घाबरण्याऐवजी हिशोब केला. ते बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि क्लच बदलायलाही तोच उतरवावा लागतो. म्हणून मी मुद्दामच क्लच संपत आलेली गाडी शोधली, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले आणि एकाच मजुरीत दोन्ही कामे उरकली. घेण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घेतली, तिचे ३०० डॉलर पडले. त्याने तेलाचा फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का तेही पाहिले. माझ्या भावाला हे ३०० डॉलर वाया गेल्यासारखे वाटले होते. पण याआधी पाहिलेली एक गाडी याच तपासणीत बाद झाली होती, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.

इंजिन मध्यभागी, सीटच्या मागे असल्यामुळे ते सहज दिसत नाही, आणि पाणी थंड करणारे रेडिएटर मात्र पुढे नाकाशी असतात. पुढच्या भोकांतून पाने आत जातात, ओली होऊन साचतात आणि एसीचा कंडेन्सर सडवतात. मी वर्षातून एकदा पुढचा बंपर काढून ती उपसते. सुरुवातीला यात अख्खा शनिवार गेला, आता दीड तास पुरतो. टायरांबद्दलही सांगते: नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचावेत. "२३१४" म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी चाललेल्या गाड्यांवर असे वाळलेले टायर हमखास सापडतात, आणि ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग कोणतीही सूचना न देता सुटतो.

*

पुण्यातून. मी २०१६ मध्ये नऊ लाखांना एक जर्मन, २००८ ची, परदेशातून पूर्ण बांधून आलेली दोन दारांची कूपे घेतली. नवी असताना तिची किंमत याच्या चौपटीहून अधिक होती. माझी चूक अशी की, मी स्वतःला नऊ लाखांच्या गाडीचा मालक समजलो. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नाना पेठेत साध्या मोटारींसाठी काय म्हणाल ते मिळते, पण माझ्या गाडीचे नाव सांगितले की दुकानदार चहा मागवतात आणि विषय बदलतात. काही वस्तू कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणल्या, काही नात्यातल्यांच्या बॅगांतून आल्या. स्वयंचलित गिअरबॉक्सचे एक काम एका गॅरेजने दोनदा केले आणि दोनदा पैसे घेतले. तिसऱ्यांदा मी दुसरीकडे गेलो, तेव्हा मूळ दोष एका वायरच्या जोडात निघाला.

आपल्या रस्त्यांवर खरी परीक्षा असते ती ऑइल चेंबरची, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याची. स्पीडब्रेकर तिरका घेतला, एक चाक आधी आणि एक नंतर, तर निभावते. सोसायटीच्या दारातला हौशी सिमेंटचा उंचवटा मात्र तिरकाही निभावत नाही. पावसाळ्यात मी गाडी काढतच नाही.

२०२३ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. १ एप्रिल २०२२ पासून नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीसाठी ५,००० आणि आयात मोटारीसाठी ४०,००० रुपये झाले होते, आणि माझी गाडी दुसऱ्या रकान्यात बसली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा, आणि एवढे करून मुदत मिळते ती पाच वर्षांची. हे गाडी घेतानाच हिशोबात धरायला हवे होते असे म्हणता येत नाही, कारण तेव्हा शुल्क इतके नव्हते. पण पंधरावे वर्ष जवळ आलेली गाडी जे आज पाहात आहेत, त्यांनी ते जरूर धरावे. एरवी महिन्यातून दोन रविवारी पहाटे साडेपाचला निघून ताम्हिणीपर्यंत जाऊन येतो. सातनंतर तिथे गाडीला काही अर्थ उरत नाही.

*

मी नाशिकचा, आणि गाडी न घेतलेला. दिल्लीतली एक सुंदर पिवळी उघडी गाडी, पेट्रोलची, चौदा वर्षांची, येथल्या भावापेक्षा बरीच स्वस्त. स्वस्त असण्याचे कारण सरळ होते: मी ती पाहिली तेव्हा राजधानी परिसरात पेट्रोल मोटारींना पंधरा वर्षांची मर्यादा होती, म्हणून मालक त्याआधी त्या राज्याबाहेर काढू पाहत होते. पण नाहरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात नव्याने भरायचा रस्ता कर, कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, गाडी वाहून आणण्याचा खर्च, आणि वर्षभरातच पुन्हा नूतनीकरण, हे सारे कागदावर मांडल्यावर फरक जवळजवळ संपला. शिवाय सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या तेव्हा मालकाने "सगळे बाहेरच केले आहे" असे उत्तर दिले. वरची पावत्यांची गोष्ट वाचून आता बरे वाटते. जाहिरात अजून तशीच आहे; किंमत दोनदा उतरली आहे, आणि ती किती उतरली ते मला तारखेसह पाठ आहे.