पूरग्रस्त म्हणून मिळालेला प्लॉट: एकट्या आजोबांचा की दोघा भावांचा?

सहकारनगरकर: 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायण पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. चूल एकच. दोन्ही खोल्या गेल्या. पुढे पूरग्रस्तांच्या सोसायटीत सहकारनगरला प्लॉट मिळाला, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. नाव एकट्या आजोबांचं, कारण धाकटे आजोबा तोवर नोकरीसाठी नाशिकला गेले होते. आता सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि नाशिकच्या चुलत काकांची वकिलामार्फत नोटीस आली: नुकसान दोघांचं, प्लॉटही दोघांचा, अर्धा हिस्सा द्या. इतकी वर्षं दिवाळीला फराळाचे डबे येत होते, तेव्हा हे कुणाला सुचलं नाही. पण काका अगदीच खोटं बोलतायत असंही छातीठोक म्हणवत नाही. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) माझ्या वडिलांचं नाव आहे. ते वारले.

निवृत्त_भूमापक: पत्रिकेवर नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नोंदीने मालकी ठरत नाही. वाटपाचा मूळ आदेश काढा, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे पूरग्रस्त म्हणून केलेला अर्ज. त्यात कुटुंबातली माणसं कोणकोण लिहिलीत ते बघा. सरकारी फाईल वाळवीने खाल्ली असेल तर सोसायटीचं दप्तर धुंडाळा.

दिवाणी_वकील: कुटुंब एकत्र होतं एवढ्यावरून मिळकत एकत्र ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली श्रीनिवास कांगो प्रकरणात तेच सांगितलं: जो म्हणतो त्याने शाबीत करायचं. मात्र सामाईक पैशातून ती घेता येण्यासारखी होती असं दाखवलं, की उलट शाबीत करायचं ओझं तुमच्यावर येतं. म्हणून हप्ते कुणी भरले ते शोधा. 'बारा वर्षं ताबा आमचा, आता मिळकत आमचीच' यावर भिस्त ठेवू नका. काका सहहिस्सेदार ठरले तर एकाचा ताबा तो सगळ्यांचा. आणि आत्या आहेत का? आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आत्यांचा प्रत्येकी हिस्सा तुमच्या वडिलांइतकाच. काकांच्या आधी तो विचार करा.

पेठकर: तडजोड झालीच तर हक्कसोडपत्र रजिस्टर करा हो. आमच्याकडे स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे झाले, आता शिवाजीनगर कोर्टात तारखा मोजतायत.

सहकारनगरकर: काल माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. सोसायटीच्या पावत्या सगळ्या आजोबांच्या नावाच्या, एकमेकींना चिकटलेल्या. पण त्यांच्या मध्ये नाशिकहून आलेल्या मनिऑर्डरची तीन कुपनं निघाली, 1963 ची, प्रत्येकी 25 रुपये. धाकट्या आजोबांच्या अक्षरात लिहिलंय, 'आईच्या औषधाला'. वकीलसाहेब, ही कुपनं आमच्या बाजूने धरायची की काकांच्या? आत्या दोन आहेत. त्यांना अजून काही बोललेलो नाही.