सुपरचार्जरची पुली छोटी केली की त्याचं आयुष्य घटतं का? माझ्या मते घटतंच

कृष्णाकाठ (सांगली)
माझ्याकडे जुनी १८०० सीसीची जर्मन पेट्रोल सेडान आहे, पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, असलेली. सेकंडहँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने सुपरचार्जरची पुली छोटी करून घेतलेली होती. पहिली दोन वर्षं मजा आली. आता थंड इंजिन चालू केलं की पुढच्या बाजूने घरघर येते. पट्टा काढून पुली हाताने हलवली, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, स्पष्ट जाणवतो. नवं युनिट इकडे मिळत नाही आणि वापरलेलं कुठून आणलं याची खात्री कोण देणार?

म्हणून माझं मत सरळ मांडतो. बूस्टसाठी, म्हणजे जादा हवेच्या दाबासाठी, पुली छोटी करणं म्हणजे सुपरचार्जरच्या आयुष्यावर उचल घेणं, आणि ती उचल फेडावी लागतेच.

क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) पुली १६० मिमी आणि सुपरचार्जरची ८० मिमी धरा. इंजिन ६,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) असताना सुपरचार्जरमधले हवा ढकलणारे रोटर १२,००० ला फिरतात. वरची पुली ७० मिमीची केली की तेच १३,७०० च्या पुढे जातात. शिवाय छोट्या पुलीभोवती पट्ट्याची पकड कमी असते, तो घसरतो, म्हणून लोक पट्टा आणखी ताणतात. तो सगळा ताण पुढच्या बेअरिंगवर पडतो. बॉल बेअरिंगचं हिशेबी आयुष्य भाराच्या घनाच्या पटीत घटतं. भार २० टक्के वाढला, तर आयुष्य जवळपास ४२ टक्के कमी. वाढलेल्या वेगाचा फटका वेगळाच.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
दादा, तुमचं नुकसान झालंय, वाईट वाटतं. पण निष्कर्ष पटत नाही.

तुमचा घनाचा हिशेब बरोबर आहे, पण तो धातू थकण्याचा हिशेब आहे. मूळ बेअरिंगला एवढी सवलत ठेवलेली असते की निम्मं आयुष्य उरलं तरी आपल्यासारख्याच्या वापराला ते पुरावं. दुसरं, रोटर कायम जोर लावत नाहीत. थ्रॉटल हलकं असलं की बायपास (हवेची परतीची वाट) उघडा राहतो, हवा नुसती गोल फिरते. साताऱ्याहून पुण्याला ऐंशी-नव्वदने जाताना जवळजवळ सगळा रस्ता असाच जातो.

माझीही पुली छोटी आहे, चार वर्षं झाली. दर दोन वर्षांनी सुपरचार्जरचं तेल बदलतो, पट्ट्याचा ताण गेजवर मोजून लावतो. प्ले नाही, आवाज नाही. आणि सरसकट ‘मॉडिफिकेशन’ला दोष देऊ नका. फक्त रिमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग बदलली, आणि रेव्ह लिमिट (इंजिनच्या फेऱ्यांची मर्यादा) तीच ठेवली, तर रोटरचा वेग एक आरपीएमनेही वाढत नाही.

वाईकर
माझी डिझेल आहे, टर्बोवाली, रिमॅप केलेली. पसरणी घाट चढून पाचगणीला पोचलो की दोन मिनिटं आयडलला ठेवूनच बंद करतो. तुम्ही दोघं हे करता का? आयुष्याचा खरा प्रश्न तिथेच आहे असं मला वाटतं.

कुपवाडचा वर्कशॉपवाला
वाईकर, ती सवय टर्बोसाठी चांगली आहे, सोडू नका. टर्बोही हवाच कोंबतो, पण तो एक्झॉस्टच्या आगीत फिरतो, दीड-दोन लाख आरपीएमपर्यंत जातो, आणि त्याला तेल इंजिनचंच असतं. हा सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, त्याला एक्झॉस्टची धग लागत नाही. घाटाचंही तसंच. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी. ती कमी भरून काढायला टर्बो जास्त जोरात फिरतो. सुपरचार्जर पट्ट्याला बांधलेला, तो वेग वाढवू शकत नाही, नुसता बूस्ट कमी देतो.

आता मूळ वादावर. मी उघडलेल्या युनिटांत मला दोनच गोष्टी दिसल्या. एक, पुढच्या गिअरांचं तेल. या जातीच्या युनिटात ते इंजिनच्या तेलाहून वेगळं आणि अगदी थोडं असतं. ‘आयुष्यभरासाठी भरलंय’ म्हणून कुणी बघतच नाही. एका गाडीतून काळा, जळका वास येणारा चिखल निघाला, आणि त्या गाडीची पुली मूळचीच होती.

दुसरी, धूळ. मूळ एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून उघडा कोन फिल्टर बसवतात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागून गाडी चालवून बघा, हवेत काय असतं ते कळेल. रोटरांमधली फट केसाएवढी. बारीक धूळ आत गेली की रोटरवरचं कोटिंग ओरखडतं, फट वाढते, बूस्ट गळतो. मग माणूस म्हणतो बूस्ट कमी झाला, पुली अजून छोटी करा.

कृष्णाकाठ
तेलाचं मान्य. मी गाडी घेतल्यापासून ते एकदाही बघितलं नव्हतं, ही चूक माझीच.

पण सातारकर, उष्णतेबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. या जातीचे रोटर हवा कोंबून दाबतात, वेग वाढेल तशी हवा जास्त तापते. एप्रिलमध्ये सांगलीत बाहेरच चाळीस अंश असतं. गरम हवेने नॉकिंग होतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठोके देतं, मग ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) इग्निशन मागे घेतो, आणि पुली छोटी करून मिळवलेली ताकद निम्मी तिथेच जाते. झीज मात्र पूर्ण होते. हा सौदा मला परवडत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
उष्णतेवर तुम्ही जिंकलात. मी इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) मोठा घातलाय, त्याशिवाय उन्हाळ्यात मलाही फरक दिसला नसता. पण मग ‘पुलीने मारलं’ म्हणू नका, ‘अर्धवट कामाने मारलं’ म्हणा. पुली, इंटरकूलर, पट्टा, तेल, मॅपिंग हे एकत्रच करायचं काम आहे. एकटी पुली विकणाऱ्यांवर माझा तुमच्याइतकाच राग आहे.

मिरज जंक्शन
एक विसरताय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा दावा अडला, तर सुपरचार्जर किती वर्षं टिकला याला काय अर्थ?

कृष्णाकाठ
हे घरच्यांनीही बोलून दाखवलंय. मी ठरवलंय, बेअरिंग आणि सील बदलून मूळ मापाची पुली परत टाकणार. सातारकर, तुमची गाडी चालते याचा आनंद आहे, पण तुमच्याइतकी मोजमापं ठेवणारे किती असतील? कुपवाडकर, पुढच्या आठवड्यात येऊ का?

कुपवाडचा वर्कशॉपवाला
या. पट्टा मात्र नवा घेऊन या. छोट्या पुलीसाठी घातलेला पट्टा आखूड असणार, मूळ पुलीवर तो ओढून बसवला तर नवं बेअरिंगही तसंच जाईल. आणि फिल्टरचा जुना डबा माळ्यावर कुठे असेल तर तोही शोधा.