गजकर्ण परत परत का येतं? बुरशी मरत का नाही?

प्रश्न: मांडीवर गजकर्ण झालंय, क्रीम लावलं की खाज थांबते, बंद केलं की गोल चट्टा परत हजर. बॅक्टेरियावर अँटिबायोटिक पटकन चालतं मग बुरशीलाच एवढा वेळ का लागतो?

उत्तर १: कारण बुरशी बॅक्टेरियापेक्षा आपल्या जास्त जवळची आहे. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं, त्यामुळे तिला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही असं औषध शोधणं अवघड. फरक मोजकेच, पेशीभित्तिकेत (पेशीभोवतीच्या भिंतीत) कायटिन आणि ग्लुकन हे पदार्थ, आणि आवरणात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल हा त्याच्यासारखाच स्निग्ध पदार्थ. क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन वगैरे बुरशीवरची औषधं हे एर्गोस्टेरॉलच बनू देत नाहीत.

उत्तर २: आधी ट्यूबवर बघा, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का!! ही स्टेरॉइड्स आहेत, खाज आणि लाली दाबतात पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतात आणि बुरशी मात्र निवांत पसरत राहते, वर कड पुसट झाली की डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. प्लीज स्किनच्या डॉक्टरांकडे जा, ते कडेचे खवले खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे दिसतात त्यात.

उत्तर ३: मधला भाग साफ दिसला म्हणून औषध सोडू नका, ही बुरशी केराटिन (त्वचा, केस, नखांतलं प्रथिन) खात बाहेर सरकते, जोर त्या उंच कडेतच असतो.

प्रश्नकर्ता: बापरे, ट्यूबवर क्लोबेटासोल आहे. ही बुरशी शरीरात आत जाईल का?

उत्तर १: सहसा नाही, तिचं खाणं त्वचेच्या मृत थरात, केसांत, नखांतच असतं. अ‍ॅस्परजिलस, क्रिप्टोकॉकस अशा दुसऱ्या बुरशी फुप्फुसातून आत शिरतात, तेही बहुतेक प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना. उद्याच दाखवून या.