मदत हवी आहे: स्पॉरनच्या साखळीने किल्ट झिजतोय

लीथकर
सहा महिन्यांत साखळीने किल्ट खाल्ला. शनिवारी मित्राचं लग्न आहे, झटपट उपाय सांगा. साखळी हाताने केलेली आहे. नवी घ्या म्हणू नका.

भवानी_मंडप
स्पॉरन काय असतं?

लीथकर
किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुण्यांच्या घागऱ्याला, खिसे नसतात, म्हणून पुढे बटवा लटकवतात, तो. साखळी कमरेभोवती जाते. गूगल करा हो.

सुईदोरा
झिजलाय नक्की कुठे? पुढे असेल तर साखळी निर्दोष, बटव्याच्या मागचे रिव्हेट घासत असतील. कापड वाराला किती औंसाचं? विरलंय की भोकं पडलीत? भोकं असतील तर कसर.

मोरपीस
डांबरगोळ्या ठेवा! आईची पैठणी अजून नव्यासारखी आहे.

लीथकर
कसर नाही. मागे, चुण्यांवर विरलंय. १३ औंस. काळपट पट्टाही उठलाय.

ढोलताशा
मी इथे पाइप बँडमध्ये ड्रम वाजवतो. साखळी कधीच सोडली. स्पॉरन हँगर घे, कमरेच्या पट्ट्यावरून दोन चामडी वाद्या खाली येतात, त्यांना बटवा. मागे घासायला काही उरतच नाही.

सुईदोरा
लग्नात वेस्टकोट असणार. त्याखाली पट्टा घालत नाहीत. हँगर काय जानव्याला अडकवायचे?

ढोलताशा
घालतात की! वेस्टकोटखाली कोण बघतंय?

पेठेतला_पाहुणा
किल्टच्या आत काय घालतात, हे कुणी सांगेल का?

भवानी_मंडप
अवांतर नको. लीथकर, साखळी केली कुठे?

लीथकर
हुपरीला, दिवाळीत आलो होतो तेव्हा. चांदीची.

भवानी_मंडप
अहो, हे आधी सांगायचं! काळा पट्टा चांदीचाच. आमच्या घरात पैंजणांचं काम होतं, म्हणून विचारतो: कड्या झाळल्यात की नुसत्या दाबून मिटवल्यात? जुन्या नायलॉन स्टॉकिंगवरून साखळी हळू ओढा. अडकेल तिथे टोक उघडं आहे.

लीथकर
अकरा ठिकाणी अडकली. स्टॉकिंग जुना नव्हता, असं आता कळतंय.

भवानी_मंडप
मग प्रत्येक जोड झाळून, कानस मारून, पॉलिश करून घ्या. तिकडचा कुठलाही सोनार करेल.

सुईदोरा
शनिवारपर्यंत कसला होतोय सोनार! मागचा भाग मखमलीच्या नळीत ओवून टाक. कमरपट्ट्याने शालूचे धागे निघू नयेत म्हणून आतून अस्तर लावतो, तसंच. रंग पक्का आहे का ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर आधी बघ. आणि बटव्यात फोन, किल्ल्या, सुटे पैसे कोंबू नकोस, तो भार सगळा मागच्या चुण्यांवर येतो.

मोरपीस
डांबरगोळ्यांचं कुणीच मनावर घेत नाही.

लीथकर
मखमल मिळाली. रफू केलेलं दिसतं का हो? किल्ट सासऱ्यांचा आहे.

सुईदोरा
हे आत्ता सांगतोयस? किती जुना? आतल्या पदराच्या दुमडीतून धागे काढून रफू केला तर रंग तंतोतंत जुळतो. पण शनिवारी सासरे येणार आहेत का?

लीथकर
माझ्या शेजारीच बसणार आहेत.