मदत हवी आहे: मार्केटिंग मॅनेजरचं जॉब अ‍ॅनालिसिस, सोमवारपर्यंत

सांवेररोडची (गुरुवार, रात्री ११:४०)
मंडळी, अर्जंट आहे. आमची इंदूरची नमकीनची कंपनी. शेठजींना सोमवारी मार्केटिंग मॅनेजरचं जॉब अ‍ॅनालिसिस टेबलावर हवंय. नेटवरून चार जॉब डिस्क्रिप्शन जुळवून मी दोन पानं केली. ‘ब्रँड स्ट्रॅटेजी आखणे, बाजारपेठेचा अभ्यास करणे’ वगैरे. शेठजींनी चष्मा वर करून वाचलं नि म्हणाले, "इसमें अपना क्या है? ये तो साबुन वाले का भी चल जाएगा." कुणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका ना. लेक्चर नको.

रामबागचे_काका
फॉरमॅट नंतर. हे कशासाठी चाललंय ते आधी सांगा. नवा माणूस घ्यायचाय, पगार ठरवायचाय की कुणाला घालवायचंय? तिन्हीची पानं वेगळी निघतात. आत्ता खुर्चीवर जो आहे त्यालाच दोन तास समोर बसवा की.

एमबीए_१९ची_बॅच
पीएक्यू वापर. पोझिशन अ‍ॅनालिसिस क्वेश्चनेअर. पर्ड्यू विद्यापीठात बनलेलं, १९४ मुद्दे, प्रत्येकाला मार्क. एकदम सायंटिफिक. आम्ही प्रोजेक्टला हेच केलं होतं.

निवृत्त_पर्सोनेल
प्रोजेक्टला केलंत, कारखान्यात नाही. ती प्रश्नावली भरणाऱ्याला भाषा जड जाते आणि मॅनेजरच्या कामाला ती नीट बसतही नाही. १९४ मुद्दे भरेस्तोवर दिवाळी उजाडेल.
ताई, तुमची चूक फॉरमॅटची नाही. अ‍ॅनालिसिस म्हणजे काम उकलणं. त्यातून दोन कागद निघतात: काम काय, ते डिस्क्रिप्शन, माणूस कसा हवा, ते स्पेसिफिकेशन. तुम्ही बेसन भाजायच्या आधीच लाडू वळायला बसलात.

बडोदेकर
नमकीन म्हणजे शेव का? रतलामी शेवेत लवंग जास्त झाली की घशाशी येतं. आमच्या बडोद्याचा लीलो चिवडा एकदा खाऊन बघा, मार्केटिंग मॅनेजर लागतच नाही त्याला.

सांवेररोडची (शुक्रवार, सकाळी)
बडोदेकर, प्लीज. काका, खुर्ची रिकामी आहे. राखीच्या गर्दीतच साहेब सोडून गेले, फोन उचलत नाहीत. भरतीसाठीच हवंय. जाहिराती शेठजींचा मुलगा बघतो.

रामबागचे_काका
हे काल का नाही सांगितलंत?

एमबीए_१९ची_बॅच
मग निरीक्षण कर, सेल्स टीमबरोबर दोन दिवस फिर.

निवृत्त_पर्सोनेल
पितृपक्षात? बाजार थंड आहे. आत्ता पाहिलंत तर वाटेल या माणसाला कामच नाही. नमकीनचं काम राखी ते दिवाळी एक आणि चैत्रात दुसरंच.
माणूस नसेल तर प्रसंग गोळा करा. फ्लॅनॅगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ही पद्धत मांडली, तिची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात. ‘साहेब कसे होते’ असं विचारूच नका. ‘त्यांच्यामुळे काम निभावलं किंवा बिघडलं असा एक दिवस सांगा’ असं विचारा. काय झालं, त्यांनी काय केलं, पुढे काय झालं. डिस्ट्रिब्युटर, अकाउंटंट, पॅकिंग सुपरवायझर, तिघांनाही विचारा. जोडीला त्यांचा जुना मेलबॉक्स उघडा.

जेलरोडवरून
आमची कन्या बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने एचआर घ्यावं की मार्केटिंग?

यादीवाला
अमेरिकेच्या ओ-नेटवर, म्हणजे तिथल्या सरकारी कामांच्या यादीत, मार्केटिंग मॅनेजरचा क्रमांक ११-२०२१ आणि सेल्स मॅनेजरचा ११-२०२२, दोन वेगळी कामं. आपल्या एनसीओ २०१५ मध्ये, म्हणजे भारत सरकारच्या तशाच यादीत, मात्र दोघं मिळून एकच क्रमांक, १२२१. तुमच्या शेठजींना नक्की कोण हवाय? नाव मार्केटिंगचं आणि टार्गेट विक्रीचं, असा प्रकार तर नाही ना?

एमबीए_१९ची_बॅच
ओ-नेटवरून कॉपी केलं की झालं मग.

यादीवाला
तेच तर करून ती फसली आहे, वाच ना वर.

सांवेररोडची (शनिवार, रात्री ९:१५)
पाय दुखतायत, पण हाताला लागलं काहीतरी. मेलबॉक्समध्ये जुलैचे मेल मोजले. निम्म्याहून जास्त डिस्ट्रिब्युटरांच्या क्लेमचे, म्हणजे भरपाईच्या मागण्यांचे: स्कीमचा फरक, एक्स्पायरीचा माल, फुटलेली पाकिटं. ‘ब्रँड’ हा शब्द दोनदा, तोही शेठजींच्या मुलाच्या मेलमध्ये.
दुपारी सियागंजला, इथल्या ठोक बाजारात, गेले. तिथले डिस्ट्रिब्युटर म्हणाले, साहेब आले की गादीवर बसायच्या आधी मागे गोदामात जायचे, पाच रुपयेवाल्या पुड्यांच्या माळा उलट्या करून तारखा बघायचे.
पॅकिंगवाल्या काकूंनी तर कमालच सांगितली. गेल्या दिवाळीआधी नवीन पाऊचचं डिझाइन आलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, छपाईचे सिलिंडर कोरायला जाणार होते. साहेबांनी प्रूफ खिडकीपाशी धरून पाहिलं आणि विचारलं, शाकाहाराचा हिरवा ठिपका कुठाय? नव्हताच. मुलाने निवडलेला डिझायनर होता. सिलिंडर कोरले गेले असते तर सगळा खर्च पाण्यात.

निवृत्त_पर्सोनेल
बघा, ‘बारकाईने काम करणारा’ असं नेटवरच्या चारही पानांत असेल. तुम्ही आता लिहा: पाऊचचं प्रूफ वाचून लेबलचे नियम तपासता येणं. मुलाखतीत एक चुकीचं प्रूफ हातात द्या आणि गप्प बसा.

रामबागचे_काका
क्लेमचं काम वर घ्या, पहिल्या ओळीत. नाहीतर जाहिराती करायच्या म्हणून पोरगा येईल आणि तीन महिन्यांत पळेल.

बडोदेकर
हिरव्या ठिपक्याचं आवडलं. आता सिरियसली विचारतो, साहेब का गेले? त्याचं उत्तर तुमच्या पानात आहे का?

सांवेररोडची
ते माझं काम नाही हो.

निवृत्त_पर्सोनेल
बडोदेकर पहिल्यांदाच कामाचं बोलले. अधिकार हा अ‍ॅनालिसिसचाच भाग आहे, ताई. शेठजींच्या मुलाला एवढंच विचारा: मॅनेजरने किती रुपयांपर्यंतचा क्लेम स्वतःच्या सहीने पास करायचा?

सांवेररोडची (रविवार, दुपारी)
विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "साइन क्यों चाहिए? मेरे को फोन लगा ले ना."
हे कुठल्या रकान्यात लिहू?

निवृत्त_पर्सोनेल
अधिकाराच्या. त्याच्याच शब्दांत.