थट्टेकाड–मुन्नारची पक्षी-सहल: एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या आईला नेऊ का?

मृण्मयी:
नमस्कार. इथे पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

माझी आई ६६ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ती रोज सकाळी गच्चीत बसून पक्षी बघते आणि एका दोनशेपानी वहीत नोंदी करते. वेळ, पक्षी, काय करत होता, कसा ओरडला, सगळं. गेल्या वर्षी काचबिंदूमुळे तिच्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. उजवा डोळा चांगला आहे, त्याला चष्मा आहे. तेव्हापासून ती म्हणते, एकदा कर्णा बघायचा. मलबार ट्रोगन. पुस्तकातलं त्याचं पान उघडून बसते.

जानेवारीत केरळची सहा दिवसांची सहल आहे, तीन मुक्काम थट्टेकाडच्या पक्षी अभयारण्यापाशी, दोन मुन्नारला, सोबत गाईड, आठ जणांचा गट. आयोजकांना आईच्या डोळ्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, "आणा की, काही प्रॉब्लेम नाही." इतक्या पटकन म्हणाले की माझी काळजी उलट वाढली. आणि आई म्हणते, "माझ्यामुळे लोकांचा खोळंबा व्हायचा. तू जा, मला फोटो दाखव."

त्या दाट जंगलात तिला खरंच काही दिसेल का? दुर्बीण कुठली घ्यावी? आणि जळवांचं काय? ती रक्त पातळ होण्याची गोळी घेते.

दुर्बीणवाला:
दुर्बिणीपुरतं सांगतो. ८ बाय ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १० पटीची घेऊ नका, हात थरथरला की चित्रही तेवढंच जास्त थरथरतं आणि पानांच्या गर्दीत पक्षी सापडायला वेळ लागतो. छोटी खिशातली ८ बाय २५ सुद्धा नको. ४२ ला ८ ने भागलं तर साधारण सव्वापाच येतात, २५ ला भागलं तर जेमतेम तीन. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. सदाहरित जंगलात सकाळी सातलाही अंधुक असतं, तिथे हा फरक लगेच कळतो.

चष्मा आहे म्हणून 'आय रिलीफ' (डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते अंतर) १५ मिलिमीटरच्या वर असलेली बघा आणि डोळ्याकडची रबरी कडी पूर्ण आत फिरवून ठेवा, चष्म्यासकट सगळं वर्तुळ दिसेल. एका डोळ्याने दुर्बीण उत्तम चालते. डावीकडच्या नळीला झाकण लावून टाकायचं. फोकस फक्त उजव्या डोळ्याने जुळवायचा आणि उजवीकडची डायॉप्टरची (त्या डोळ्यापुरता फोकस जुळवायची) कडी एकदा बसली की हलवायची नाही.

रानवाटेवरची:
मृण्मयी, आईंना घेऊनच जा.

मी थट्टेकाडला चार वेळा गेले आहे. पहिल्यांदा बारा जणांच्या गटात. तीन दिवस पुढच्या माणसांच्या पाठी आणि टोप्या पाहिल्या. दुसऱ्यांदा आम्ही तिघीच होतो आणि सोबत तिथलाच एक गाईड, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. पहिल्या सकाळी तो एका झाडाखाली थांबला आणि त्याने डोळे मिटले. आम्हाला वाटलं, प्रार्थना करतोय. मिनिटभराने डोळे न उघडताच त्याने बोटं दाखवायला सुरुवात केली: तिकडे तांबट, वर ललिता, खाली त्या वेलींच्या जाळीत सातभाई, आणि सगळ्यांच्या मागे पल्लवपुच्छ कोतवाल. नंतर एकेक करून ते सगळे दिसले. म्हणजे तो काही शोधत नव्हता. कुठे बघायचं ते त्याला आधीच कळलेलं होतं.

ही गोष्ट मुद्दाम सांगतेय. माळरानावर पक्षी डोळ्याने सापडतो. या जंगलात झाडं तीस-तीस मीटर उंच, मध्ये वेली, खाली वेताची आणि बांबूची दाटी. इथे आधी कान, मग मान, मग दुर्बीण. दोन्ही डोळे धडधाकट असलेला नवखा माणूस तिथे आंधळाच असतो. आणि तुमच्या आई तर कोण कसा ओरडला हे वहीत लिहितात. गटातल्या निम्म्या लोकांपेक्षा त्यांची तयारी जास्त आहे.

आतापासून महिनाभर त्यांना रोज पाच-सहा आवाज ऐकवा. पांढऱ्या गालाच्या तांबटाचं 'कुटुर्र कुटुर्र', मलबारी कस्तुराची माणसासारखी शीळ, ललिताची ओली टपोरी हाक, शेकरूचा खडखडाट (तो पक्षी नाही, पण सगळ्यांना फसवतो), आणि अर्थातच कर्णा. एक लक्षात ठेवा, वयोमानाने बारीक टोकदार आवाज आधी ऐकू येईनासे होतात. फुलटोच्याचं 'टिक टिक' त्यांना कळलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. कर्ण्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि मऊ असतो, 'क्यू… क्यू… क्यू', मधे थांबून थांबून. तो नक्की ऐकू येईल.

कर्णा दिसणं सोपं की कठीण, याचं उत्तर दोन्ही. तो घाबरट नाही, पळत नाही, मधल्या उंचीच्या आडव्या फांदीवर ताठ बसून राहतो. पण आपल्याकडे बहुधा पाठ करतो, आणि पाठ वाळक्या पानाच्या रंगाची. मला पहिला नर दिसला तेव्हा मी त्याच्याकडे पाच मिनिटं बघत होते आणि मला तो दिसत नव्हता. गाईडने टेलिस्कोप लावून दिला. आधी पंखावरची बारीक काळी-पांढरी नक्षी दिसली, कुणी टाकाने रेघा ओढाव्यात तशी. मग मान सावकाश, अगदी सावकाश वळली. डोळ्याभोवती निळसर कडी. चोचीत एक काडीकिडा, त्याचे पाय अजून हलत होते. मग तो फांदीवरच वळला आणि एकदम सगळं उलटलं: काजळी डोकं, छातीवर पांढरी पट्टी, आणि त्याखाली पोटभर लाल. मी शेजारणीचा हात धरला होता, तो सोडायचं भान राहिलं नाही.

हे सगळं मी टेलिस्कोपमधून पाहिलं, म्हणजे एकाच डोळ्याने. आईंनाही तसंच बघता येईल.

आता आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचारा. आठ जणांना गाईड किती? दोन नसतील तर सोडून द्या. टेलिस्कोप असतो का? रोज एक तरी सकाळची वेळ एका जागी बसून असते का? थट्टेकाडजवळ खडकाळ मोकळ्या जागा आहेत, तिथे उजाडताना नुसतं बसलं तरी फळलेल्या झाडांवर मैना, पोपट, तांबट, धनेश येत राहतात, पायपीट लागत नाही. आणि चौथं, रेकॉर्ड केलेले आवाज किती वाजवतात?

या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात लक्ष देऊन ऐकते. एका सहलीत (आयोजकांचं नाव घेत नाही) मुन्नारच्या बाजूला एका शोलाच्या कडेला गाईडने शोलाकिळीचा आवाज पंधरा-वीस मिनिटं सलग वाजवला, कारण दोघांना उघड्यावरचा फोटो हवा होता. इवलासा निळा पक्षी, एरवी झुडपाखालून बाहेर न येणारा, पुन्हा पुन्हा रस्त्यावर येत होता, पिसं फुगवून इकडेतिकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तेवढा वेळ त्याने काही खाल्लं नाही. मी तेव्हा गप्प बसले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शोला म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या गवताळ उतारांत, घळींमध्ये दाटलेली बुटकी जंगलं. एकेक तुकडा म्हणजे गवतातलं बेटच. हा पक्षी एका बेटावरून उठून सहज दुसरीकडे जात नाही. इतका की पालघाट खिंडीच्या उत्तरेची शोलाकिळी वेगळी आणि दक्षिणेची वेगळी. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच (जीनस) केली गेली, आणि 'शोलाकिळी' या नावात मल्याळममधला 'किळी', म्हणजे पक्षी, आला. अशा पक्ष्याचं घर रस्त्यालगत असलं की आठवड्याला चार गट त्याच झुडपापाशी येऊन तोच आवाज वाजवतात. माझं मत विचाराल तर शोलाकिळी नाही दिसली तरी चालेल.

फिरस्ता७१:
रानवाटेवरची ताई, बाकी सगळं पटलं, पण फोटोग्राफरना सरसकट धरू नका. आमच्यातले पुष्कळजण आवाज न वाजवता, फ्लॅश न मारता तासन्‌तास बसतात. फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याच्या बाबतीत मी स्वतः लोकांना मागे सारलंय.

रानवाटेवरची:
फिरस्ता, बरोबर आहे तुमचं. त्या दिवशी हट्ट दोघांचा होता, आणि नाही म्हणायचं काम गाईडचं होतं.

फ्रॉगमाउथचं निघालंच आहे तर मृण्मयीसाठी: थट्टेकाडला ही जोडी दिवसा एकमेकांना चिकटून झोपलेली दाखवतात. नर करडा, मादी जास्त तांबूस, दोघांच्या माना वर, वाळक्या पानांचा झुबका वाटावा असे. दोन-अडीच मीटरवरूनही कळत नाही. अंडं एकच घालतात आणि दिवसा त्यावर नर बसतो, तो उडाला तर अंडं उघडं पडतं. तेव्हा दोन मिनिटं बघायचं, एकेकाने, आणि आल्या पावली परत.

डॉ_कस्तूर:
जळवांबद्दल. जानेवारीत पाऊस नसल्याने त्या बऱ्याच कमी असतात, तरी ओलसर ओढ्याकाठी भेटतात. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घ्या, पँट त्यात खोचा. चिकटलीच तर ओढू नका. तिचं तोंड असतं त्या अरुंद टोकाशी नख आडवं सरकवलं की सुटते.

जळू चावताना रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, त्यामुळे कुणाचंही रक्त बराच वेळ वाहतं. गोळी चालू असताना आणखी वेळ वाहील. स्वच्छ कापसाने दाबून धरा, पट्टी बांधा. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. काचबिंदूचे थेंबही वेळच्या वेळी. पहाटेच्या गडबडीत हेच विसरतं, गजर लावा.

आणखी एक. थट्टेकाड फार उंचावर नाही, उकाडा असतो. मुन्नार दीड हजार मीटरच्या आसपास, जानेवारीची पहाट चांगलीच गार. स्वेटर, कानटोपी घ्या. फक्त पक्षी ऐकताना कानटोपी काढायची!

मृण्मयी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आयोजकांना चारही प्रश्न विचारले. गाईड एकच निघाला आणि आवाज वाजवण्याबद्दल म्हणाले, "दाखवायची गॅरंटी द्यावी लागते ना." ते रद्द केलं. ताईंच्या ओळखीने तिथल्याच एका गाईडशी बोलणं झालंय. आम्ही दोघी आणि माझी मावशी. त्यांनी पहिला प्रश्न केला, "अम्मा किती वेळ एका जागी बसू शकतात?" मी म्हटलं, गच्चीत दोन-दोन तास बसते. म्हणाले, "मग झालं."

मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल तर जानेवारीतच जा, कारण साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी ताहरांच्या (तिथल्या रानबकऱ्यांच्या) विणीसाठी ते बंद ठेवतात, हेही त्यांनीच सांगितलं. आई रोज रात्री जेवण झाल्यावर आवाज ऐकत बसते. काल मला म्हणाली, "कर्ण्याला घाई नाही."

मृण्मयी (दोन महिन्यांनी):
जाऊन आलो. उशिरा लिहितेय, कारण आईची वही पूर्ण व्हायची वाट बघत होते.

पहिले दोन दिवस कर्णा ऐकू आला, दिसला नाही. तिसऱ्या सकाळी आई एका बुंध्यावर बसलेली असताना तिनेच बोट वर केलं. गाईडनी टेलिस्कोप लावला. मादी होती, पोट लाल नाही, नारिंगी-तपकिरी. मला वाटलं आई हिरमुसेल. ती वीस मिनिटं त्या नळीला डोळा लावून होती. मध्ये मावशीने विचारलं, मी बघू का, तर हाताने थांब म्हणाली. वहीत लिहिलंय: "कर्णा, मादी. आधी पाठ, मग पोट. सव्वाआठ ते आठ पस्तीस. एक सुरवंट गिळला. शेपूट झुलवत नाही."

एका नोंदीचं कोडं मात्र सुटलं नाही, आई विचारायला सांगतेय. मुन्नारला येताना वाटेत बांबूच्या बेटातून आवाज आला. आधी पाणी बुडबुडावं तसं 'ऊप-पुपुपुपु', आणि श्वासही न घेता शेवटी 'क्रु-क्रु'. पक्षी दिसला नाही. तिने लिहिलंय, "एक पक्षी, दोन आवाज." कोण असेल?

रानवाटेवरची:
सिमिटर बॅबलर, वाकड्या पिवळ्या चोचीचा सातभाई. पण तो एक नव्हे. बुडबुड नराची, आणि ती संपता संपता 'क्रु-क्रु' करते ती मादी. दोघं इतकं नेमकं जुळवतात की एकाच गळ्यातून आल्यासारखं वाटतं. आईंना सांगा, वहीतला 'एक' खोडून 'दोन' करा.