रात्रीची गस्त: रहिवाशांनी घालावी का?

विक्रोळीकर_७२: आमच्याकडे पुनर्विकासामुळे निम्म्या इमारती रिकाम्या झाल्यात. पत्रे ठोकलेत, मागच्या गल्लीत मिट्ट काळोख. गणपतीनंतर दोन घरं फुटली. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, तरुण मुलांची यादी द्या, बीटचे, म्हणजे आपल्या भागाच्या गस्तीचे, अंमलदार संपर्कात राहतील, व्हॉट्सॲप ग्रुप करू. रात्री ११ ते ४ दोघादोघांच्या जोड्या फिरवायचा विचार आहे. मी तयार आहे. तुमचं काय मत?

तळमजला: माझा विरोध. आमच्याकडे हा प्रकार करून झालाय. चोर एकही सापडला नाही. आमच्या मागच्या चाळीतल्या एक मावशी मात्र सापडल्या. त्या दादरच्या फुलबाजारात जायला पहाटे साडेतीनला निघतात. आमची पोरं त्यांना अडवून ‘कुठं चाललात, पिशवीत काय?’ विचारायची. रोज तेच तोंड, रोज तोच प्रश्न. शेवटी त्यांनी लांबचा रस्ता धरला. आठवडाभराने ग्रुपवर डिलिव्हरीवाल्या पोरांचे फोटो पडू लागले, खाली ‘संशयित’. कशावरून संशयित? जिना चुकला म्हणून!

बी_विंग: हे सगळं बोलायला ठीक आहे. स्वतःचं कपाट फुटलं की कळेल. बीट मार्शलांनी एका मोटरसायकलवर फिरायचं किती? सण, सभा, मोर्चे, सगळा बंदोबस्त त्याच माणसांच्या डोक्यावर. ११२ ला फोन केला की येतात, पण तोवर चोर पसार. आपल्या गल्लीत आपण उभं राहायचं नाही, तर कोणी राहायचं?

तळमजला: उभे राहा की. अडवू नका, एवढंच म्हणतोय.

निवृत्त_हवालदार: मुळात नाव पोलीस मित्र असो नाहीतर रक्षक दल, झडती घ्यायचा, ओळखपत्र मागायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४० सांगतं की दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडला, किंवा माणूस फरारी घोषित असेल, तरच त्याला धरता येतं. धरला तर विनाकारण वेळ न लावता, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. रात्री दोनला रस्त्याने चालणं हा गुन्हा नाही. एक थोबाडीत मारलीत तरी गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, आणि ग्रुपवरचे साहेब त्या वेळी ओळख देणार नाहीत. यादी द्याल तर लेखी द्या, पोचपावती घ्या. काठ्या घरी ठेवा.

बी_विंग: म्हणजे नुसतं बघत बसायचं?

निवृत्त_हवालदार: बघायचं, गाडीचा नंबर टिपायचा, फोन लावायचा. आम्हाला नेमकं तेच मिळत नाही. सोसायट्यांत कॅमेरे असतात, पण रेकॉर्डिंग मागितलं की पासवर्ड सेक्रेटरीला ठाऊक नसतो आणि सेक्रेटरी गावी असतो.

जुना_भिवंडीकर: नागरिक आणि पोलीस एकत्र येण्याचं आमच्याकडचं उदाहरण वेगळं आहे. १९८४ च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या झाल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसायची. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही तशा समित्या निघाल्या. तिथे बैठका होत्या, ओळखी होत्या. दांडकी घेऊन पहारा नव्हता.

बी_विंग: दंगल कुठे, घरफोडी कुठे! काहीही जोडताय.

तळमजला: मग पहाऱ्याचंच घ्या. २०२० ला पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. चोर फिरतात अशी अफवा, गावोगाव रात्रीचे पहारे, आणि दोन साधू व त्यांचा चालक जमावाच्या हातून मेले. त्याआधी २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार केलं. विक्रोळी म्हणजे गडचिंचले नव्हे, मान्य. पण व्हॉट्सॲप तेच आहे.

विक्रोळीकर_७२: वाचतोय सगळं. यादी देणार हे नक्की, तिथे मी तळमजल्याशी सहमत नाही. पोलिसांकडे आपली नावं असतील तर फोन लवकर उचलला जाईल, असा माझा हिशेब. काठ्या रद्द. ग्रुपवर फोटो टाकायचे नाहीत, थेट अंमलदारांना पाठवायचे.

तळमजला: आणि तो नियम मोडणाऱ्याला ग्रुपमधून काढणार कोण?

बी_विंग: ॲडमिन काढेल. आधी मागच्या गल्लीत दिवे लावायला बिल्डर तयार होतोय का बघा, पत्र्याच्या आतली जागा त्याच्याच ताब्यात आहे.